मेडिकलला नंबर नाही लागला का?

दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की चौकश्या सुरू होतात. ‘काय हो, तुमची लेक काय करते?’ ‘बी.एससी. ऑनर्स. झूलॉजी. दिल्ली विद्यापीठात.’ लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘मेडिकलला नंबर नाही लागला का?’ आई ओशाळं हसते. लेक मान खाली घालून प्रसादाचा द्रोण चुरगाळत राहते.

तिने प्राणिशास्त्र आवडीने घेतलं असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. खरं तर घरच्यांच्याही नाही. दुसऱ्या वर्षाला आल्यावर मग तीही धास्तावते. कॉमर्सच्या मुलाला मामा-काका सल्ला देतात, इंजिनीयरिंगवाल्याला तर शेजारीसुद्धा. जीवशास्त्राच्या वाटेने मात्र घरातलं कुणी गेलेलंच नसतं.

वाटा आहेत, आणि दिल्लीकरांच्या तर हाकेच्या अंतरावर आहेत. एकट्या अरुणा असफ अली मार्गावर रोगप्रतिकारशास्त्राची राष्ट्रीय संस्था आणि वनस्पतींच्या जीनोमवर काम करणारी संस्था आहे. फरीदाबादला जैवतंत्रज्ञानाचं प्रादेशिक केंद्र आहे. बारावीत आपल्या बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी ‘इन्स्पायर’ ही वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. गंमत म्हणजे ती मेडिकलच्या मुलांना मिळत नाही! एम.एससी.नंतर नेट परीक्षेतून जे.आर.एफ. मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. ‘त्यात पैसा कुठे आहे?’ म्हणणाऱ्या काकांना हा आकडा जरूर सांगावा.

देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिपही आहे. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करायला मिळतं. पण अर्जाला शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं आणि गाडं नेमकं तिथेच अडतं. मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला स्टाफरूमच्या दारापर्यंत जायचाही धीर होत नाही.

अशा वेळी दुर्गाबाई भागवतांच्या बहिणीची, कमलाबाईंची आठवण होते. १९३३ साली मुंबईची ही पदवीधर बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी तिला प्रवेश नाकारला. ती हटली नाही. अखेर एक वर्षाच्या अजमावणीवर तिला घेतलं गेलं. नकार देणारा माणूस नोबेल मिळवलेला होता, पण तिला घडवलं ते तिथल्याच श्रीनिवासय्या या शिक्षकांनी. केंब्रिजची पीएच.डी. घेऊन १९३९ साली ती परतली, ती याच दिल्लीत, लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राची विभागप्रमुख म्हणून. मेडिकलला न जाता मेडिकलच्या मुलींना शिकवायला! पुढे त्या कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या.

गणपतीतली ती आई घरी आल्यावर बराच वेळ गप्प होती. मग तिने लेकीला, बहुधा पहिल्यांदाच, विचारलं, ‘तुला यातलं नक्की काय आवडतं गं?’ लेक मुंग्यांबद्दल बोलू लागली. बोलता बोलता अकरा वाजले. फेलोशिपच्या अर्जाचा विषयही तेव्हाच निघाला.

दुसऱ्या आठवड्यात ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. मॅडमनी कागद वाचला, चश्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘दीड वर्ष कुठे लपली होतीस? बस. आधी या मुंग्यांचं सांग.’