पद्मिनीच्या दारावरचे पांढरे ठिपके

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेल्या, तेव्हा कितीतरी जण हळहळले. आमच्या कापड्याच्या घरी मात्र एक निळी पद्मिनी अजून उभी आहे. टॅक्सी नव्हे हो, बाबांची गाडी. १९८६ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. बाबा गेले, गाडी राहिली.

तर झालं असं, की यंदा उन्हाळ्यात घराच्या ग्रिलला कंप्रेसरने पांढरा ऑइलपेंट मारून घेतला. गाडीवर ताडपत्री होती, पण वाऱ्याने ती उडाली आणि रंगाचे बारीक तुषार ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर बसले. लांबून फारसं दिसत नव्हतं. हात फिरवला की दार पॉलिश पेपरसारखं खरखरीत!

सल्ल्यांना काय तोटा? भाऊ म्हणाला, "थिनर मार, दोन मिनिटांत जाईल." महाडचा ओळखीचा गॅरेजवाला म्हणाला, "अख्खी गाडीच रंगवून टाका." पण थिनरला आपला रंग आणि परका रंग कळत नाही. आजच्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, हिच्यावर तो नाही. जे घासाल तो थेट रंगच.

शेवटी क्ले बार मागवला. मळलेल्या कणकेसारखा गोळा असतो. गाडी सावलीत घेतली, पत्रा थंड होऊ दिला, धूळ धुऊन काढली. मग शाम्पूचं पाणी फवारत वीतभर जागेवर गोळा हलक्या हाताने सरळ फिरवायचा. पत्रा कोरडा पडू द्यायचा नाही. पाण्यामुळे गोळा सपाट रंगावरून घसरत जातो आणि वर उठलेले ठिपके तेवढे ओढून घेतो. मळला की दुमडून स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडला तर सरळ टाकून द्यायचा, कारण चिकटलेला एक खडाही ओरखडे पाडतो. खरखर उरली का हे बघायला बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, लगेच कळतं.

गोळ्यावर पांढऱ्याबरोबर थोडा निळाही येऊ लागला. आई म्हणाली, "अरे, गाडीचाच रंग निघतोय की!" उन्हाने मेलेला वरचा थर थोडा येतोच. पण खाली किती शिल्लक आहे, हे कोण सांगणार?

खिडकीच्या काठाशी तर जवळजवळ काहीच शिल्लक नाही. आंबेनळी घाट चढताना बाबांचं कोपर तिथे टेकलेलं असायचं. तेवढ्या जागेतला निळा झिजून प्रायमर डोकावतो. नेमके तिथेही पाच-सहा ठिपके होते. मी गोळा पुढे नेला, तर आई एवढंच म्हणाली, "तिथलं राहू दे."

राहू दिलं. बाकीच्या दाराला मेणाचं पॉलिश केलं आणि गॅरेजवाल्याला रंगवायचं नाही म्हणून कळवलं. नवा रंग छानच दिसला असता, पण त्याखाली ते कोपर कायमचं गेलं असतं.

असो. तुमच्याकडे अशी म्हातारी गाडी असेल, तर आधी घरातली थिनरची बाटली लपवा!