हंगामी दाढ

बँकेत वीस वर्षं खर्डेघाशी केली की माणसाला जिकडेतिकडे खातीच दिसू लागतात. आमच्या चिंगीचे दात हे त्यांतलंच एक थकीत खातं. वय वर्षं ९, जबडा अरुंद, आणि दात एस.टी.च्या रांगेतल्यासारखे एकमेकांच्या खांद्यावरून डोकावणारे. 'तार लावून टाका,' असं शेजारच्या काकूंनी सुचवलं, सौभाग्यवतींनी मंजूर केलं. माझी फक्त सही उरली होती.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "दुधाचे दात २०. खालून पक्का दात वर सरकू लागला की त्यांची मुळं विरघळतात. म्हणून पडलेल्या दाताला मूळ दिसत नाही."

अरेच्चा! लहानपणी तुळशीत पुरलेल्या माझ्या दातांची मुळं आईच्या हिसक्यानं आतच राहिली, असं मी आजवर धरून चाललो होतो. उगाच बिचारीवर आळ!

"तारेच्या ओढीनंही मुळं झिजतात म्हणे?" मी थोडं वाचून आलो होतो.

"झिजू शकतात. दात पडणारच असेल तर काळजी नाही. पण ही दाढ बघा. हिच्याखाली पक्की दाढ तयारच झालेली नाही. तेव्हा ही दुधाचीच जपायची. हिच्यावर जोर नको. मागे सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ आहे, तार तिला अडकवू."

म्हणजे हंगामी कारकुनालाच कायम करायचं! माझा चेहरा पडला. "किती टिकेल?"

"नक्की सांगता येत नाही. काहींची वर्षानुवर्षं टिकते. पुष्कळदा हे घराण्यात असतं. तुम्ही आ करा बघू."

मी आ केला. डॉक्टर हसले. खाली डावीकडे माझीही एक दुधाचीच निघाली! एक्स-रेनं शिक्कामोर्तब केलं.

माझं वय ४६. त्यातली चव्वेचाळीसेक वर्षं ही माउली चिक्की फोडत बसलीय. ना बढती, ना तक्रार. आमचं नातं तेव्हा कुठे मला उमगलं.

"बाबा, माझी पण तुमच्याएवढी टिकेल?" चिंगीनं विचारलं.

जामीन राहायचं म्हटलं की माझा हात आयुष्यभर कचरला आहे. त्या दिवशी मात्र विनातारण बोलून गेलो, "टिकेल."

तेव्हापासून मी चकली उजवीकडूनच खातो.