शेकोटीपाशी विचारलेला प्रश्न

आमच्या धर्मग्रामातील एक कन्या इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. गेल्या नोव्हेंबरात तिचे पत्र आले. त्यात तिच्या नऊ वर्षांच्या मुलाचा एक प्रश्न होता : "फादर, आज मैदानात गाय फॉक्सचा पुतळा जाळणार आहेत. तो कॅथलिक होता म्हणतात. मग मी टाळ्या वाजवू का?"

प्रश्न बालकाचा असला तरी उत्तर देताना आमची लेखणी थबकली.

घटना अशी. राजा पहिला जेम्स याच्या राज्यात कॅथलिकांचा छळ होत होता. त्याला उबगून रॉबर्ट केट्सबी व त्याच्या साथीदारांनी राजासह संसद उडवून देण्याचा कट रचला. 1605 च्या 5 नोव्हेंबरला, उत्तररात्री, संसदेच्या तळघरात दारूच्या 36 पिंपांची राखण करणारा फॉक्स पकडला गेला. राजा वाचला म्हणून त्याच दिवशी लंडनकरांनी होळ्या पेटविल्या. पुढच्याच वर्षी दरसाल आभारप्रार्थना करण्याचा कायदा झाला आणि तो 1859 पर्यंत टिकला. आज तेथे आतषबाजी होते, निखाऱ्यांत बटाटे भाजतात, आल्याचा केक वाटतात. आपल्याकडे पऱ्हाट्यांच्या जाळावर हुरडा भाजतात, तसाच हा थंडीतला आनंद!

परंतु या ज्वाळांची झळ कटात नसलेल्यांनाही लागली. येशूसंघीय धर्मगुरू हेन्री गार्नेट यांना कट कळला होता, पण पापनिवेदनाच्या मुद्रेखाली. त्यांना 1606 च्या मे महिन्यात फाशी झाली. कॅथलिकांना वकिली व वैद्यकी करण्यास बंदी आली. हळूहळू होळीत पोपचेही पुतळे जळू लागले. संसदेची दारे कॅथलिकांना उघडली ती 1829 मध्ये.

इथवर वाचून वाचकांचे मन दुखावले असेल. आमचेही दुखावले. पण ससेक्समधील लुइस या गावी त्याच रात्री सतरा पेटते क्रूस मिरवितात. ते कशासाठी? 1555 ते 1557 या काळात, मेरी या कॅथलिक राणीच्या राज्यात, तेथे सतरा प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळले होते त्यांच्या स्मरणार्थ. पुतळे नव्हेत, माणसे! काडी आमच्याही हातात होती. श्रद्धेच्या नावाने केलेल्या अशा अत्याचारांबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2000 साली जाहीर क्षमायाचना केली, ती उगीच नव्हे.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. दसऱ्याला आम्हा वऱ्हाडकरांची खरी रीत आपट्याचे सोने देऊन गळाभेट घेण्याची. गावोगाव रावणही जळतो आणि बालपणी आम्हीही तो डोळे विस्फारून पाहिला आहे. पण अकोला जिल्ह्यातच सांगोळा नावाचे गाव आहे. तेथे रावणाची काळ्या पाषाणातील दशमुखी मूर्ती आहे. गावकरी त्याच्या विद्वत्तेला व तपश्चर्येला वंदन करतात, रामालाही मानतात आणि पुतळा जाळीत नाहीत. एकाच जिल्ह्यात, एकाच संध्याकाळी, एका मैदानात जो जळतो त्याची दुसऱ्या गावात पूजा होते. तरीही दोन्ही गावचे लोक एकाच बाजारात कापूस विकतात, एकमेकांना सोने देतात. हा शहाणपणा आम्हाला मोठा वाटतो.

पुतळा कागदाचा व गवताचा असतो. तो जळून जातो. भय असते ते त्याच्यामागून शेजाऱ्याचे नाव घेतले जाण्याचे. आपल्याला खरोखर काही जाळायचे असेल तर ते वैर जाळावे आणि प्रारंभ आपल्या घरातील वैरापासून करावा.

आम्ही त्या बालकाला लिहिले : "बाळा, फॉक्सने वाईट बेत केला होता, हे खरे. आपला म्हणून तो झाकू नकोस. पण माणसाच्या जळण्याला टाळ्या वाजवू नकोस, मग तो आपला असो वा परका. शेकोटीपाशी जरूर जा. बटाटा भाजून घे आणि अर्धा शेजारच्या मुलाला दे."

त्याचे उत्तर आले आहे. त्याने दोन बटाटे भाजले म्हणे.