तीन एस्टिमेटं, एक घर

गावचं घर दुरुस्त करायला काढलंय. तीन जणांकडून एस्टिमेटं घेतली. पहिलं ६ लाख ४० हजार, दुसरं ८ लाख ८८ हजार आणि तिसरं १२ लाख ५० हजार ८००. घर एकच, तिघांना सांगितलेलं कामही एकच, आणि फरक जवळजवळ दुप्पट! ऑफिसातल्या मित्रांचं एकमत झालं, "मधला घेऊन टाक." धन्य!

आमचं गाव पौडच्या पुढे, धरणाच्या अंगाला. माझं ऑफिस हिंजवडीला. कागदोपत्री दोन्ही मुळशी तालुकाच, पाऊस मात्र वेगळा. गावाकडे तो पुणे शहराच्या कितीतरी पट कोसळतो. त्यामुळे छप्पर एकदा उतरवलं की जून लागायच्या आत परत चढलंच पाहिजे. आई-आण्णा त्याच घरात राहतात. पैसे थोडे इकडेतिकडे झाले तर निभेल, पण घर उघडं टाकून मिस्तरी गायब झाला तर निभणार नाही.

तर मंडळी, शनिवारी एक्सेल उघडून बसलो.

पहिलं एस्टिमेट भावकीतल्या तात्यांचं. बिलबुकाचं एक पान, त्यावर सहा ओळी. फरशी, वायरिंग, नळकाम आणि राडारोडा उचलणं त्यात नव्हतंच. ते म्हणे मालकाकडे असतं. दुसरं शहरातल्या कॉन्ट्रॅक्टरचं, सरसकट १२०० रुपये स्क्वेअर फूट. ७४० फूट धरलेत. आतून टेप लावली तर घर ६१० भरतं, उरलेले १३० म्हणजे जाडजूड दगडी भिंती आणि पडवी. शिवाय नळ-फिटिंग्ज वेगळ्या. तिसरं एका कंपनीचं, चाळीस ओळींचं, वर १८ टक्के जीएसटी. त्यात कुणी न मागितलेलं ९० हजारांचं फॉल्स सीलिंग. कौलारू घराला!

बरं, तिघांची मापंही वेगळी. 'ब्रास' हा शब्द घ्या. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, प्लास्टरचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. प्लास्टर मोजताना दारं-खिडक्या वजा करायच्या का? याला चक्क भारतीय मानक आहे, आयएस १२००. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याला वजावट नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरला एकाच बाजूची वजावट, कारण चौकटीच्या आतल्या कडा गवंडी वेगळ्या लावत नाही. मोजणी कशी करणार हे कंपनीने लिहिलं होतं, बाकी दोघांकडे "साइटवर बघू".

मग सगळ्यांना एका पातळीवर आणलं. तात्यांच्या आकड्यात फरशी ७५ हजार, वायरिंग ८५, नळकाम ९५ आणि राडारोडा २० मिळवले: ९ लाख १५ हजार. दुसऱ्याला फिटिंग्जचे ६० हजार: ९ लाख ४८ हजार. कंपनीतून सीलिंग आणि त्यावरचा जीएसटी काढला: ११ लाख ४४ हजार ६००. दुपटीचा फरक सव्वापटीवर आला. म्हणजे बराचसा फरक दराचा नव्हताच, काय लिहिलंय आणि काय नाही याचा होता.

तात्यांच्या पानावर खाली बारीक अक्षरात होतं, "सिमेंट वाढल्यास वेगळे." सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. मी विचारलं, "तात्या, आणि कमी झाल्यास?" तात्या नुसतेच हसले.

पण खरा प्रश्न एक्सेलमध्ये मावणारा नव्हता. कौलं उतरवल्यावर वासे कुजलेले निघाले तर? जुन्या घराच्या पोटात काय आहे, ते उघडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. तिघांनाही हेच विचारलं. कंपनी म्हणाली, "एक्स्ट्रा आयटम, त्या वेळचा रेट." दुसरा म्हणाला, "आपल्या रेटमध्येच बसवू." आता ज्याच्या रेटमध्ये वासे बदलणं बसवायचंय, तो कुजका वासा चांगला आहे असंच म्हणणार ना? तात्या म्हणाले, "बघू की तेव्हा, आपल्यात काय!"

या "आपल्यात काय"चीच मला जास्त भीती वाटत होती. तात्यांना सोडावं तर आण्णा म्हणाले, "तू शनिवार-रविवार येणार. गावात आम्हाला राहायचंय." हेही खोटं नाही.

शेवटी मीच कामांची यादी केली, दराचा रकाना कोरा ठेवला आणि तिघांना दिली. कंपनीने स्वतःचा फॉरमॅट सोडला नाही. दुसरा दहा लाखांवर गेला. तात्या ओट्यावर बसून सांगत गेले, मी लिहीत गेलो. बेरीज झाली ९ लाख ६० हजार, म्हणजे त्यांच्या पहिल्या आकड्याच्या दीडपट. पण यात वासा बदलण्याचा फुटामागचा दर आधीच ठरलेला आहे. आणि १० टक्के, म्हणजे ९६ हजार, एक अख्खा पावसाळा काढल्यावर द्यायचे. मुळशीत छप्पर गळतंय का, हे तपासायचं दुसरं यंत्र नाही.

यावर तात्या थोडे बिनसले. "भावकीत पैसे अडकवतोस व्हय?" मी गप्प. आण्णाच म्हणाले, "लिहिलेलं असू दे. उद्या बोलणं राहील."

काम तात्यांना दिलंय. तुमच्याकडेही असं काही निघालं, तर एस्टिमेट मागायच्या आधी यादी स्वतः करा. कोरा रकाना भरताना माणूस बराच कळतो.