खोक्यावर ‘किरकोळ’ लिहायचं नाही

पार्ले पूर्वेला हल्ली फेरफटका मारायला निघालं की दर दोन-तीन इमारतींनंतर पत्रे लागतात. 1970च्या दशकातल्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती एकामागून एक पाडकामाला जात आहेत. विमानतळ शेजारी असल्यानं इथं उंचीवर बंधनं, त्यामुळे बिल्डरांचं गणित बरीच वर्षं जुळत नव्हतं. ते जुळायला लागलं आणि अख्ख्या इमारतीची बिऱ्हाडं एकदम हलू लागली. प्रस्तुत लेखिकेची सोसायटी मे 2025 मध्ये अशीच रिकामी झाली. सोळा बिऱ्हाडं, एक जिना आणि सामानातला एक चमचाही टाकायला न होणारं प्रत्येकाचं मन.

पुनर्विकासाच्या सभा काही वर्षं चालल्या. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानं मंजुरीसाठी 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली, पण माणसं ती तेवढ्यावर थोडीच थांबतात! कार्पेट एरिया, कॉर्पस, बँक गॅरंटी, पार्किंग, देवघराची दिशा या सगळ्यावर घसा बसेस्तोवर चर्चा झाली. घर हलवण्याबद्दल करारात एकच ओळ होती: जाताना आणि परत येताना सामान हलवण्याचा खर्च विकासक देईल. ती कुणी दुसऱ्यांदा वाचलीही नाही.

रिकामं करायची तारीख ठरली 31 मे. शाळांचे निकाल लागलेले असतात, नवं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, आणि हवामान खात्याच्या हिशेबानं मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला येतो. म्हणजे हाताशी दहा दिवस शिल्लक. पंचांगवाल्यांनी 30 एप्रिलची अक्षय्य तृतीया गाठून देव आणि पाण्याचा कलश तेवढा भाड्याच्या घरी नेऊन ठेवला. मुहूर्त सांभाळला, आता सामान केव्हाही गेलं तरी चालेल, असा त्यांचा मोकळा हिशेब.

भाड्याचं घर शोधणं हा त्यातला सगळ्यांत वैतागाचा भाग. सोळाही कुटुंबांना एकच घर हवं होतं: शाळा चालत जाण्याजोगी, डॉक्टर तेच, भाजीवाला तोच, स्टेशनपासून रिक्षा लागू नये. गल्लीतल्या दलालांना आपल्या वाढदिवसापेक्षा आमच्या सोसायटीची तारीख पक्की पाठ होती. मार्चमध्ये सांगितलेलं भाडं एप्रिलमध्ये वर गेलं. ज्यांनी इमारतीचा निर्णय पक्का होताच शोधाशोध सुरू केली त्यांना पार्ल्यात जागा मिळाली. ‘बघू, अजून वेळ आहे’ म्हणणारे जोगेश्वरी आणि गोरेगावला गेले.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, त्याची नोंदणी सक्तीची आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. हल्ली एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र घेऊन घरीच येतो. पहिल्या मजल्यावरच्या आजींपाशी त्याची गाडी अडली. आयुष्यभर भांडी घासून आणि कणीक तिंबून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषाच गेलेल्या. तो ओल्या फडक्यानं पुसून बघतोय, सून खोबरेल आणायला धावतेय, यंत्र आपलं लाल दिवा दाखवतंय. आजी शांतपणे म्हणाल्या, “अरे, अंगठा सोड. डावं मधलं बोट घे. दर नोव्हेंबरात पेन्शनच्या दाखल्याला तेच चालतं.” चाललं.

या सगळ्या धांदलीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र निवांत होत्या. त्यांचे यजमान राष्ट्रीयीकृत बँकेत होते. नांदेड, चिपळूण, इंदूर, कोल्हापूर अशा बदल्यांत दोन मुलांच्या शाळा सोडल्याचे दाखले हातात घेऊन त्यांनी संसार उचलला आणि मांडला होता. प्रस्तुत लेखिकेचं घर त्यांच्या बरोबर खाली, त्यामुळे त्यांच्या वहीचा पहिला लाभ तिलाच झाला.

वहीच्या आधी टेप आली. भाड्याची जागा पसंत करण्यापूर्वी काकूंनी तिथला मुख्य दरवाजा, बेडरूमचा दरवाजा आणि लिफ्ट मोजून आणली. गोदरेजनं 1923 मध्ये स्टीलची कपाटं करायला घेतली आणि तेव्हापासून मराठी मध्यमवर्गानं ती पिढीजात दागिन्यासारखी सांभाळली. पण त्या कपाटाला उभं राहून बऱ्याच लिफ्टमध्ये जाता येत नाही. आडवं केलं तर खोली कमी पडते. काकूंनी नव्या इमारतीचा जिनाही चढून बघितला आणि वळणावर कपाट फिरेल की नाही याचा अंदाज घेतला. चौथ्या मजल्यावरची, दिसायला छान जागा त्यांनी नुसत्या या कारणासाठी सोडली. तेव्हा हसलेल्या दोन घरांची कपाटं पुढे भाड्याच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये राहिली.

वही साधी, शंभर पानी. खोक्याचा नंबर, त्यात काय, कुठल्या खोलीत जायचं, आणि चौथा रकाना ‘कधी उघडायचं’. पहिल्या रात्री, पहिल्या आठवड्यात, की परत आल्यावर. चौथा रकाना महत्त्वाचा, कारण हे घर कायमचं नव्हतं. तीन वर्षांनी पुन्हा हेच करायचं, तर जे मध्ये लागणारच नाही ते उघडायचं तरी कशाला? दिवाळीचे आकाशकंदील, रुखवताचे काचेचे सेट, मुलांच्या लहानपणीचे फोटो यांच्या खोक्यांवर काकूंनी चक्क ‘परत आल्यावर’ असं लिहून चिकटपट्टी दुहेरी मारली.

नियम एकच कडक होता. खोक्यावर ‘किरकोळ’ लिहायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीनं मार्करनं तसं लिहिलं तेव्हा काकूंनी तिला थांबवलं. “किरकोळ म्हणजे काय असतं गं? त्याला काहीतरी नाव असेलच ना?” खोकं उघडलं तर आत निघाले रिमोटचे सेल, गॅसचं पुस्तक, गणपतीच्या आरासीच्या माळा, एक्स-रे आणि कुणाच्या तरी लग्नातली चांदीची सुपारी. गॅसचं पुस्तक त्याच आठवड्यात लागणार होतं.

माळ्यांनी मात्र काकूंनाही दमवलं. चाळीस-पन्नास वर्षं एकाच घरात राहिलं की माळा हे वेगळंच बिऱ्हाड होतं. तांब्याचा बंब, पितळेची घंगाळं, परात, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, पाळण्याच्या साखळ्या, बंद पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ. तांब्यापितळेला मोडीच्या दुकानात वजनावर भाव मिळाला. साड्या आणि पँटी घेऊन बोहारणीनं स्टीलचे डबे दिले आणि ‘आणखी दोन साड्या तरी द्या’ म्हणत अर्धी दुपार घासाघीस केली. पाटा-वरवंटा मात्र कुणालाच नको होता. फुकट दिला तरी उचलून कोण नेणार? सोळापैकी निम्म्या घरांचे पाटे शेवटी मागच्या बाजूला कुंपणालगत ओळीनं उभे राहिले.

पुस्तकांचं दुखणं वेगळं. दिवाळी अंकांचे गठ्ठे रद्दीवाल्यानं किलोवर नेले, ग्रंथालयांनी यादी मागितली आणि बहुतेक यादी परत केली. जी ठेवायची ती लहान खोक्यांत भरावी लागतात हे लोकांना खोकं उचलताना कळतं. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की तळ सुटतो, हमालाची पाठ जाते, आणि तो ते आपटतो तेव्हा त्याला बोलायला तोंड राहत नाही. तळाशी पुस्तकं, वर उशा किंवा स्वेटर, ही काकूंची पद्धत.

सामान हलवणाऱ्या कंपन्यांपैकी जी फोनवर ‘टू बीएचके? इतके होतील’ म्हणून मोकळी झाली ती काकूंनी यादीतून काढली. माणूस घरी येऊन माळ्यासकट बघून गेला आणि लेखी दर दिला तरच पुढची बोलणी. ही माणसं काम झपाट्यानं करतात यात वाद नाही. कपबशा कागदात, काच बबल रॅपमध्ये, सोफा कोरुगेटेड शीटमध्ये. पण ती समोर येईल ते भरतात. एका घरचा कचऱ्याचा डबा आतल्या कांद्याच्या सालांसकट नीट गुंडाळून जोगेश्वरीला पोचला.

पुण्याला मुलीकडे निघालेल्या जोडप्यानं विमा उतरवला आणि वाहतुकीच्या पावतीवर सामानाची यादी लिहून घेतली. पोचल्यावर टीव्हीच्या पडद्याला चीर निघाली. भरण्याआधी आणि भरताना काढलेले फोटो त्यांच्याकडे होते. रस्ता वाहतुकीच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे मालाचं नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर पुढे कोर्टात दाद मागता येत नाही. फोनवरच्या ‘हो काका, बघतो’ला किंमत नाही. त्यांनी रजिस्टर पत्र धाडलं, आणि भरपाई मिळाली. ज्या खोक्यात घरच्यांनीच बरण्या भरल्या होत्या त्याची मात्र नाही, कारण स्वतः भरलेल्या खोक्यातली फूटतूट बहुतेक विम्यात धरत नाहीत.

जिना एक, म्हणून काकूंनी कमिटीकडून वेळापत्रक करवून घेतलं. एका दिवशी दोनच घरं, एक सकाळी, एक दुपारी. वरचे मजले आधी. तळमजला सगळ्यांत शेवटी. छोटा हत्ती टेम्पो अर्ध्या घराला पुरतो, पूर्ण घराला दोन खेपा. मोठी गाडी घेतली तर ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि गर्दीच्या वेळी जड वाहनांवर बंदी असते. हे सगळं नोटीस बोर्डवर लागलं, आणि मराठी सोसायटीच्या मानानं आश्चर्य म्हणजे पाळलंही गेलं.

ते वेळापत्रक पावसानं वाचलं नाही. 26 मे 2025 ला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. हवामान खात्याच्या 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. त्या सकाळी दुसऱ्या मजल्यावरचं एक घर निघायचं होतं. उघड्या टेम्पोत गाद्या चढलेल्या, ताडपत्री ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि खोक्यांचा पुठ्ठा भिजून मऊ पडायला लागलेला. काकू छत्री घेऊन हजर झाल्या आणि मुकादमाशी त्यांचं ते खास पार्लेकर हिंदी सुरू झालं, “भैया, ये गादी अभी नहीं. पहले लोखंड का सामान, फिर ऊपर ताडपत्री, गादी लास्ट में अंदर के बाजू.” ते घर हललं, पण शेवटचे पाच दिवस प्लॅस्टिकचे रोल मेडिकलच्या दुकानातल्या गोळ्यांसारखे हातोहात खपले.

यंत्रांनीही आपला हिसका दाखवला. फ्रंट लोड वॉशिंग मशीन हलवताना आतला ड्रम जागच्या जागी धरून ठेवायला लांब बोल्ट लागतात. मशीन नवं आलं तेव्हा बसवणाऱ्यानं ते काढून दिलेले असतात. ते कुणाकडेच नव्हते, फक्त काकूंकडे होते, मशीनच्या पुस्तकाबरोबर पिशवीत, पिशवी सुतळीनं मागच्या नळीला बांधलेली. बाकीच्यांनी ड्रमभोवती चादरी कोंबून वेळ मारून नेली. एका मशीनचं बेअरिंग पुढे बोलायला लागलं. एसी उतरवताना त्यातला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेणारा माणूस आधी ठरवावा लागतो. फ्रिज उभाच न्यायचा, आणि आडवा करावा लागलाच तर पोचल्यावर काही तास उभा ठेवायचा, लगेच चालू करायचा नाही.

काकू स्वतः रिक्षातून गेल्या. मांडीवर कापडी पिशवी. घराचा करार, पासबुकं, औषधं, चार्जर, देवांची छोटी पेटी, चहा-साखर आणि एक पातेलं. “टेम्पो कुठंही अडकू दे,” त्या म्हणाल्या, “चहा झाला की माणसं भांडत नाहीत.”

पत्ता बदलायचा प्रश्न पुढचे दोन महिने पुरला. पाइपचा गॅस बंद करून काहींना पुन्हा सिलिंडरवर यावं लागलं. बँकेत, विम्यात नवा पत्ता सगळ्यांनी दिला. पोस्टात पत्रं वळवण्याचा लेखी अर्जही दिला. मतदारयादीतला पत्ता बदलायला ऑगस्ट 2022 पासून फॉर्म 8 आहे, पण तो भरावा की नाही यावर दोन तट पडले. तीन वर्षांनी परत यायचंच आहे म्हणून निम्म्यांनी नाव तसंच ठेवलं. जोगेश्वरी-गोरेगावला गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी बदललं. मतदारयादी तपासणारा बीएलओ इमारतीपाशी आला तेव्हा त्याच्यासमोर फक्त निळे पत्रे होते.

दिवाळीनंतर तळमजल्यावरच्या कुटुंबाच्या भाड्याच्या घराच्या मालकानं फ्लॅट विकायला काढला. एक महिन्याची नोटीस. विकासकाबरोबरचा करार काढून बघितला तर ती एकच ओळ: जाताना आणि परत येताना. मधल्या हलण्याचा खर्च कुणी द्यायचा याचा त्यात पत्ताच नाही. टेम्पो, दलाली, नोंदणी, सगळं त्यांनी खिशातून भरलं. काकूंची वही तेव्हा त्यांच्या घरी होती, आणि निदान ‘परत आल्यावर’वाली खोकी न उघडता तशीच दुसऱ्या घरी गेली. शेजारच्या इमारतीचा करार अजून मसुद्यात आहे. तिथल्या कमिटीनं काकूंना बोलावून घेतलं आणि खर्चाच्या कलमात ‘मध्यंतरी भाड्याची जागा बदलावी लागल्यास तोही’ हे शब्द घालायला लावले. विकासकाच्या वकिलानं त्यावर ‘एकदाच’ असं जोडून मसुदा परत पाठवला आहे.