पात्यावर किंमत ठोकलेली सुरी

१९८०च्या दशकात रिगातल्या आमच्या वसतिगृहात मजल्यामागे स्वयंपाकघर एक आणि धड सुरी एक. लाटवियात तिला ‘नझिस’ म्हणतात. रोमन अक्षरांत ‘nazis’ असं वाचून नवखा दचकायचा आणि आठवड्याभरात स्वतःच ‘नझिस कुठंय?’ म्हणून दारं ठोठावत फिरायचा. लाकडी मूठ, काळपट पातं, त्यावर रूबल-कोपेकमध्ये ठोकलेली किंमत. सोव्हिएत वस्तूंवर किंमत अशी कायमचीच उमटवलेली असायची. घासाघीस करायची सोयच नाही. विळीवर वाढलेला माझा हात त्या सुरीवर बसायला वेळ लागला. पण कांदा तिनेच, धुरावलेला मासा तिनेच आणि ‘रुपमाइझे’ हा राय धान्याचा काळा, आंबूस, विटेएवढा जड पावही तिनेच. धार गेली की बशी उपडी करायची आणि बुडाच्या खरखरीत कडेवर पातं ओढायचं.

ही काही साधी राहणी नव्हती, टंचाई होती. चांगली सुरी दुकानात दिसली की आधी रांगेत उभं राहायचं, भाव मग बघायचा.

शरद ऋतूत मात्र प्रत्येकाच्या खिशात चाकू. रविवारी रिगातच बांधलेल्या डिझेलच्या गाडीने सिगुल्डाकडे, अळंबीला. वर्गमित्राची आजी वाकून पिवळ्याधमक ‘गायलेने’चा देठ मातीलगत कापायची, फुंकर मारायची आणि टोपलीत टाकायची. मी उपटली की हातावर चापट. ती अळंबी खारवून बरण्यांत जायची, हिवाळ्यासाठी.

आता रिगाच्या मध्यवर्ती बाजारात, झेपेलिन वायुनौकांच्या शेडचे सांगाडे वापरून उभारलेल्या आणि १९३०मध्ये खुल्या झालेल्या त्या भल्यामोठ्या मंडपांत, मासा साफ करून मिळतो. पाव कापून पिशवीत. घरोघरी सुऱ्यांचे संच आहेत, त्यातल्या दोनच वापरात. किंमत युरोत, तीही चिकटपट्टीवर. सोलली की गेली. मला हे सगळं आवडतं, उगाच खोटं कशाला बोला! फक्त तो पाव कापून आणलेला नको. चव वाऱ्यावर जाते.

अळंबीचं वेड तेवढं तसंच. निम्म्याहून जास्त देश जंगल, आणि सरकारी रानात वेचायला कुणाची आडकाठी नाही. गरज संपली, हौस राहिली. हौसेसाठी खास चाकूही निघालेत: बाकदार पातं आणि मुठीच्या टोकाला माती झाडायला ब्रश. वर्गमित्र म्हणाला, ‘आजीने हे पाहिलं असतं तर आधी तुला झाडलं असतं.’ मी तरी एक घेतलाच. ब्रश झकास आहे.