काटेरी झुडपाचा उमेदवारी अर्ज

१.
निवडणूक जाहीर झाली की रविवारच्या उपासनेत पुढच्या बाकावर एक अनोळखी पाहुणा दिसतो. शेजारी दोन कार्यकर्ते. गीत चालू झालं की तिघं मिळून एकच गीतपुस्तक धरून उभे राहतात, पान कुठलं का असेना. सूचनांच्या वेळी पाळकसाहेब ओळख करून देतात, शाल घालतात. पाहुणे म्हणतात, "कब्रस्तानाचं वॉल कंपाउंड आपण करून देऊ." टाळ्या. मागच्या निवडणुकीच्या पाहुण्यांनीही हेच सांगितलं होतं. रस्त्याच्या बाजूची भिंत तेवढी झाली आहे. फोटो रस्त्यावरून काढता येतो.

२.
बायबल, शास्ते, अध्याय ९. झाडांना राजा हवा असतो. जैतुनाकडे जातात, तो म्हणतो, तेल सोडून तुमच्यावर डोलत बसू का? अंजिराला आपला गोडवा सोडायचा नसतो, द्राक्षवेलीला आपला रस. शेवटी काटेरी झुडपाला विचारतात. ते लगेच तयार. माझ्या सावलीत या. नाही आलात तर माझ्यातून आग निघेल आणि लबानोनाचे गंधसरू जाळेल. आश्वासन आणि धमकी एका दमात. इतका आटोपशीर जाहीरनामा मी दुसरा पाहिलेला नाही.

या झुडपावर पुष्कळ उपदेश ऐकले. जैतुनाला कोणी जाब विचारल्याचं ऐकलं नाही.

३.
त्याच अध्यायात निवडणूक खर्चाचा तपशीलही आहे. राजा व्हायला निघालेल्या अबीमलेखाला देवळाच्या खजिन्यातून सत्तर शेकेल रुपं मिळालं, त्यातून त्याने रिकामटेकडे आणि उनाड लोक भाड्याने घेतले आणि सत्तर भावांचा काटा काढला. भावामागे एक शेकेल.

४.
शौल सगळ्या लोकांत खांद्यापासून वर दिसायचा. राजा ठरवायची चिठ्ठी त्याच्या नावाने निघाली तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता. शोधून आणावा लागला. लोक खूश.

पुढे शौल बिघडल्यावर संदेष्टा शमुवेल दुसरा राजा शोधायला इशायाच्या घरी गेला, आणि थोरल्या मुलाची उंची बघून त्यालाच अभिषेक करायला निघाला. शमुवेलासारखा माणूससुद्धा! फ्लेक्सवर तर सगळेच उमेदवार एका उंचीचे असतात.

५.
शमुवेल म्हातारपणी लोकांपुढे उभा राहून विचारतो: मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव? कोणाच्या हातून लाच? लोक म्हणतात, कोणाचंच काही नाही. असा निरोप किती पुढाऱ्यांच्या वाट्याला येतो?

त्याची दोन मुलं बैरशेब्यात न्यायाधीश होती. त्यांची नेमणूक त्यानेच केली होती. दोघंही लाच खायची.

६.
उमेदवारी अर्जासोबत फॉर्म २६ जोडावा लागतो. गुन्हे, मालमत्ता, बायकोची मालमत्ता, कर्ज, थकबाकी, शिक्षण. पौलाने तीमथ्याला मंडळीचा अध्यक्ष कसा असावा हे लिहून कळवलं, त्या यादीत हे विचारलं आहे: दारू पितो का, मारहाण करतो का, भांडकुदळ आहे का, पैशाचा लोभी आहे का, घर नीट चालवतो का, पाहुण्यांचं करतो का, नवशिका तर नाही ना, आणि मंडळीबाहेरचे लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात?

पौलाच्या यादीत मालमत्तेचा आकडा मागितलेला नाही. फॉर्म २६ मध्ये मारहाणीचा रकाना आहे, पण तक्रार नोंदली गेली असेल तरच.

७.
येशूच्या बारा जणांत थैली कोणाकडे होती, हे चर्चच्या पंच कमिटीचा खजिनदार निवडताना एकदा वाचून काढावं.

८.
यहूदाच्या जागी मत्थिया आला तो चिठ्ठी टाकून. त्यानंतर नव्या करारात त्याचं नाव पुन्हा येत नाही. कॉप्टिक चर्च आपला प्रमुख आजही चिठ्ठीनेच ठरवतं. ४ नोव्हेंबर २०१२ ला कैरोत डोळे बांधलेल्या एका मुलाने काचेच्या पात्रातून तवाद्रोस यांच्या नावाची चिठ्ठी काढली. मात्र आधी मतदानाने नावं तीनवर आणलेली होती. देवाकडे यादी छाटून पाठवलेली.

९.
आपल्याकडे शपथ घेतो उमेदवार. पोपच्या निवडणुकीत, सिस्टाइन चॅपेलमध्ये, शपथ घेतो मतदार. प्रत्येक कार्डिनल घडी घातलेली मतपत्रिका हातात उंच धरून वेदीपर्यंत चालत जातो, मिकेलान्जेलोच्या 'अंतिम न्याया'च्या चित्राखाली उभा राहतो आणि ख्रिस्ताला साक्ष ठेवून सांगतो की, ज्याला निवडायला हवं असं देवासमोर वाटतं त्यालाच मी मत देतोय. मग पत्रिका पात्रात. मोजताना प्रत्येक पत्रिकेला सुई टोचून सगळ्या एका दोऱ्यात ओवतात आणि मग जाळतात. मे २०२५ मध्ये १३३ मतदार होते, दोन तृतीयांश बहुमताला ८९ मतं हवी होती. चौथ्या फेरीत चौदावे लिओ निवडले गेले.

समोर ते चित्र असताना पाकीट घेऊन मत देणं जड जात असेल. मतदान केंद्राच्या पुठ्ठ्याच्या आडोशावर चित्र नसतं.

१०.
कार्डिनल मंडळी नेहमीच इतकी चटपटीत नव्हती. इटलीतल्या व्हितेर्बो गावात १२६८ पासून पावणेतीन वर्षं पोप ठरेना. गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं, खाणं तोडलं, छप्पर उतरवलं असंही म्हणतात. अखेर १२७१ मध्ये निवडला गेलेला माणूस कार्डिनल नव्हताच आणि त्या वेळी दूर एकर शहरात होता. दहावा ग्रेगरी. त्याने १२७४ मध्ये नियमच केला: तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले तर भाकरी, पाणी आणि द्राक्षारस.

आमच्या पंच कमिटीच्या सभेत चहा-बिस्किटं आधीच देतात. सभा लांबते.

११.
मिझोराम. २०२३ च्या विधानसभेची मतमोजणी ३ डिसेंबरला ठरली होती. तो रविवार. चर्च, संघटना, पक्ष सगळ्यांनी हरकत घेतली आणि निवडणूक आयोगाने मोजणी सोमवारवर नेली. मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणाचे निकाल टीव्हीवर धडाधड लागत होते, तेव्हा मिझोरामची यंत्रं कुलपात होती.

ही बातमी गाजली. मला त्याहून मोलाचा वाटतो तो मिझोराम पीपल्स फोरम. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकाराने २००६ मध्ये स्थापन झाला. निवडणुकीआधी तो पक्षांकडून लेखी कबुली घेतो: मेजवान्या नाहीत, पैसेवाटप नाही, फलक मोजकेच. वस्तीवस्तीत एकच व्यासपीठ मांडतात. सगळ्या पक्षांचे उमेदवार एका रांगेत बसतात, प्रत्येकाला ठरलेली मिनिटं मिळतात, लोक समोर बसून ऐकतात. विरोधकाचं भाषण संपेपर्यंत खुर्चीत बसून राहायचं, ही शिक्षा आपल्याकडच्या पुढाऱ्यांना झेपेल का? फोरम कोणाला मत द्या हे सांगत नाही. मत कसं मागायचं तेवढं सांगतो.

आता दुसरी बाजू. २०१८ मध्ये त्याच विधानसभेच्या चाळीस जागांवर एकही बाई निवडून आली नाही. २०२३ मध्ये तीन आल्या.

१२.
नागालँडच्या बॅप्टिस्ट चर्च कौन्सिलने २०१२ पासून स्वच्छ निवडणुकीची मोहीम चालवली आहे. मत विकणं पाप आहे, असं व्यासपीठावरून स्पष्ट सांगतात. राज्य १९६३ चं. पहिल्या दोन महिला आमदार २०२३ मध्ये. ते पाप कोणत्या यादीत आहे?

१३.
३० जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सलर झाला. १ फेब्रुवारीला बर्लिन रेडिओवर सव्वीस वर्षांचा धर्मशास्त्रज्ञ डीट्रिच बोनहोफर तरुण पिढी आणि नेता या विषयावर बोलत होता. नेता स्वतःचीच मूर्ती करून घेऊ लागला की तो लोकांची दिशाभूल करतो, असा त्याचा मुद्दा. भाषण पुरं होण्याआधीच प्रक्षेपण तुटलं. मुद्दाम तोडलं की वेळ संपली, यावर अभ्यासकांत वाद आहे.

त्याच वर्षी २३ जुलैला जर्मनीच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या निवडणुका झाल्या. आदल्या रात्री खुद्द हिटलरने रेडिओवरून 'जर्मन ख्रिस्ती' गटाची तरफदारी केली. हा गट मोठ्या बहुमताने आला. सप्टेंबरमध्ये त्यांचा माणूस लुडविग म्यूलर राष्ट्राचा बिशप म्हणून निवडला गेला, तोही लूथरच्या व्हिटेनबर्गमध्ये. मतदार कोण होते? बाप्तिस्मा झालेले ख्रिस्ती.

मार्टिन नीमोलर हा पाळक. त्याच वर्षी मार्चमधल्या संसदेच्या निवडणुकीत त्याने हिटलरच्याच पक्षाला मत दिलं होतं. १९३७ ते १९४५ तो त्याच हिटलरच्या तुरुंगात आणि छळछावणीत होता.

१४.
एक आजी पाळकसाहेबांना गाठतात.

"सलाम साहेब. प्रार्थनापूर्वक मत द्या म्हणालात. प्रार्थना मी रोजच करते. आता नाव सांगा."

"आजी, चर्चमध्ये नाव सांगता येत नाही."

"मग शाल कशी घातली?"

१५.
नाव सांगता येत नाही हे खरंच आहे. धर्माच्या नावाने मत मागणं हा लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन अशा फरकाने त्याची व्याप्ती वाढवली: धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा, दोन्ही आत. खटला आपल्या सांताक्रूझचा होता. निवडणूक १९९० ची.

१६.
यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. कुरकुर झाली. प्रेषितांनी मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितलं. निवडलेल्या सातांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची कुरकुर होती त्यांच्याच हाती वाढप गेलं.

१७.
नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात सरपंचपद अनुसूचित जातीसाठी राखीव निघतं. वस्तीतला सगळ्यात कामाचा माणूस रविवारी उपासनेत वाद्य वाजवतो. वाड्याच्या बाजूची विहीर त्याच्या आज्याला बंद होती तशीच इतरांच्या आज्यांनाही होती. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे धर्म बदलला की अनुसूचित जात जाते. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी आदेश सुधारला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. मग हा माणूस एक तर अर्ज भरत नाही, किंवा कागदावर एक आणि रविवारी एक असा राहतो. पौलाच्या यादीतले बाकी सगळे गुण त्याच्यात आहेत. कागदामुळे अडतो.

१८.
घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती. अल्पसंख्याकांसाठीच्या उपसमितीचे तेच अध्यक्ष. धर्मावर राखीव जागा नकोत, ही भूमिका त्यांनी घेतली आणि मे १९४९ मध्ये तसं ठरलंही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं शंभरात एकसुद्धा भरत नाहीत. आपला माणूस निवडून आणू, असं म्हणायची सोयच मुखर्जींनी ठेवली नाही. दुसऱ्यांतला चांगला माणूस ओळखायला शिकणं भाग पडलं. अजून शिकतोय.

१९.
१८ एप्रिल २०१९. सोलापूर, बीड, उस्मानाबादसह राज्यात दहा मतदारसंघांत मतदान. पंचांगात नसलेली माहिती: तो पवित्र गुरुवार होता. त्या संध्याकाळी कित्येक चर्चमध्ये पुढारी सामान्य माणसाचे पाय धुतो, पुसतो. सकाळी बोटाला शाई, संध्याकाळी पायावर पाणी. ज्यांचे पाय धुवायचे त्यांना काही ठिकाणी आधीच सांगून ठेवतात, पाय धुऊन या म्हणून.

२०.
बहुमत बरब्बाला होतं.

२१.
गावाकडच्या मंडळीतली अर्धी घरं पुण्या-पिंपरीला गेली. उपासनेला पिंपरीत, मतदार यादीत गावी. मतदानाच्या दिवशी एसटीला गर्दी, कारखान्यात सुट्टी असूनही अडचण, मग राहू दे. उमेदवार कसा असावा यावर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री बारापर्यंत चर्चा. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८ भरा. ऑनलाइन भरता येतो, पैसे लागत नाहीत. निवडणूक जाहीर व्हायच्या आत भरा.